तोंड सैल आहे

दि. ४ नोव्हेंबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

फोनवर तू नुसतं हो हो म्हणतेस, म्हणून हे लिहून तुझ्या पिशवीत कोंबते आहे. गाडीत बसलीस की वाच. परक्या शहरात पैसे काढायचे तर शक्यतो बँकेच्या आतल्या मशीनमधून काढ. कार्ड घालायची खाच आधी हलवून बघ, चोर तिच्यावर खोटी खाच चिकटवतात आणि कार्डाची नक्कल करतात. आकडे दाबताना वर हात धर आणि कृपा करून पुटपुटू नकोस. मदतीला जो आपणहून पुढे येईल तोच भामटा समज.

खरं सांगू? तू लिफ्टवाल्याच्या घरी निघालीस, त्याचीच धाकधूक जास्त आहे. लिफ्ट दुरुस्त करतो म्हणून नाक मुरडू नकोस. फोटोत सगळेच गुणी दिसतात म्हणत तू त्याचा फोटोही बघितला नाहीस. आई गेल्यापासून मला तूच आहेस. तू नाही म्हणालीस तर मी हे लग्न करणार नाही, पण जन्मभर रुसून बसेन.

लोभ आहेच, तो परत येतानाही तसाच घेऊन ये.

तुझी,
ठकी

दि. ७ नोव्हेंबर

चि. ठकीस,
अ. उ. आ.

तुझ्या शिकवणीने माझी पार शोभा झाली. काल त्यांच्याकडे जाण्याआधी फळं घ्यायची होती. बँक उघडली नव्हती, म्हणून कोपऱ्यावरच्या मशीनपाशी गेले. कार्ड हातात धरून आकडे घोकत होते, तेवढ्यात मागचा एक मुलगा म्हणाला, की काकू, थांबा, तोंड सैल आहे.

मला वाटलं, माझंच! आपणहून पुढे आला आणि वर माझं तोंड काढलं. मी चोर चोर म्हणून असा आरडाओरडा केला की वॉचमनने धावत येऊन त्याची कॉलर धरली. सगळा रस्ता गोळा झाला. तो बिचारा नुसता मशीनकडे बोट दाखवत होता. वॉचमनने खाच ओढली, तर ती अख्खी त्याच्या हातात आली. तोंड मशीनचं सैल होतं गं! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि मी माफीही न मागता तिथून सटकले.

मग त्यांच्या घरी दार कुणी उघडलं असेल? त्याच मुलाने! आल्या पावली परत फिरावंसं वाटलं. त्याच्या आईने कॉलरखालचं बटण कसं तुटलं विचारलं, तर म्हणाला, कुठेतरी अडकलं. त्या वेळी तो माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता. माफी मागायला माझं तोंड उघडेना, म्हणून सुईदोरा मागून घेतला आणि बटण लावून दिलं. जन्मभर मुलींना शिवण शिकवलं, पण सुईत दोरा काही जाईना.

मी अजून हो म्हटलेलं नाही. आधी सांग, त्याने तुला काय काय सांगितलं? हसला असेल तर हसू दे, पण मला कळायला हवं.

माया आहे तेवढी राहू दे.

तुझी मावशी

दि. ११ नोव्हेंबर

ती. मावशीस,
सा. न.

पत्र वाचून आधी हसले, मग रडू आलं. त्याने मला काहीच सांगितलेलं नाही गं. रोज बोलतो आम्ही. भेट कशी झाली विचारलं तर म्हणाला, मावशी फार सावध आहेत आणि बटण छान लावतात. कसलं बटण म्हटलं, तर विषयच बदलला.

मी त्याला तुझं पत्र दाखवलेलं नाही. तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसले आहे.

तुझीच,
ठकी

दि. १४ नोव्हेंबर

चि. ठकीस,
अ. उ. आ.

तारीख ठरवा. त्याला मी चारचौघांत चोर म्हटलं, तेव्हा माफीही लग्नात सगळ्यांसमोर मागणार आहे.

तुम्हा दोघांची,
मावशी