अंतरपाटावरचा पोपट

मानपाडा रोड, डोंबिवली पूर्व

तीर्थस्वरूप वन्संना,

डोंबिवलीहून सरोजचा वाकून नमस्कार (गुडघे परवानगी देतात तेवढा वाकून, उरलेला लग्नघरी प्रत्यक्ष भेटीत). तुमची तब्येत बरी असेल, भाऊसाहेबांची शुगर आटोक्यात असेल आणि सलिलने घेऊन दिलेला नवा फोन आता तुमच्या हाताला सवयीचा झाला असेल, अशी आशा करते. आमच्याकडे सगळे खुशाल, असं पुढे लिहायची पद्धत आहे. पण खोटं लिहायचं तरी किती? मी जेवते, झोपते, लग्नाच्या याद्या करते, पण आतून पार हबकलेली आहे. हे फोनवर का नाही सांगितलंस असं विचाराल, तर तुमच्याकडे फोन कायम स्पीकरवर असतो, आणि तुमचा चेहरा समोर दिसला की माझं निम्मं बोलणं घशातच राहतं. म्हणून हे पत्र, आणि तेही बंद पाकिटात, चारी बाजूंनी डिंक लावून. आमच्या घरातून हल्ली जे उघड्यावर पोस्टाने जातं, त्याचीच ही सगळी भानगड आहे.

तर तुमचे बंधू. (सध्या मी त्यांचा उल्लेख एवढाच करते. 'अनिमेषचे बाबा' म्हणण्याइतकं मन अजून वळलेलं नाही.) एमआयडीसीतल्या कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसातून रिटायर झाल्यावर घरातलं प्रत्येक कपाट, खिडकी आणि मी करत असलेल्या पोळ्या त्यांच्या मोजून झाल्या, आणि मग मोजायला काही उरेना. तेवढ्यात आपल्या होणाऱ्या सूनबाई, समृद्धी, एका रविवारी चहाला आल्या आणि पर्समधून एक कापडाचा तुकडा काढून दाखवला. पोस्टकार्डाएवढा. वर भरतकाम, आत बकरम, कडेने टाके, मागच्या बाजूला पत्ता आणि तिकीट. पाकीट नाही काही नाही, तसंच पोस्टात टाकायचं म्हणे. असं करणाऱ्या लोकांचा एक ग्रुप आहे, 'कापडी टपाल' नावाचा. शहाडच्या कुणी प्राचीताई तो चालवतात. सगळ्यांनी टोपणनावाने कार्डं करून त्यांच्याकडे पाठवायची, त्या ती पत्त्यांसारखी पिसतात आणि ज्याने जितकी पाठवली तितकी दुसऱ्यांची त्याला धाडतात. कुणाचं कुणाला गेलं ते सांगायचं नाही, हा त्यातला नियम आणि हीच त्यातली गंमत. मी मनात म्हटलं, मुलीला छंद आहे, चांगलं आहे, निदान मोबाईलमधून डोकं वर काढते. तुमचे बंधू मात्र त्या तुकड्याचे टाके भिंग लावून बघत होते.

दुसऱ्या दिवशी मी भाजी घेऊन आले तर हा माणूस खिडकीत बसून सुईत दोरा ओवत होता. वन्सं, माझ्या हातातली मेथी खाली पडली. इतक्या वर्षांच्या संसारात शर्टाचं बटण तुटलं की शर्ट खुर्चीवर टाकून माझ्याकडे बघत बसणारा हा माणूस. महिन्याभरात साखळी टाका, गहू टाका, काज टाका सगळं यायला लागलं. टोपणनाव घेतलं 'उलटी टीप'. दिवाळीत तुम्ही त्यांची कार्डं बघून म्हणालात, मधू आता फक्त हळदीकुंकवाला यायचा राहिलाय, आणि आम्ही सगळे हसलो. (मीही हसले. तुमच्या विनोदाला हसायचं नाही, एवढं धैर्य या घरात कुणाकडे आहे?)  त्यांनी मात्र त्या दिवशी दुसरा अनारसा घेतला नाही, यावरून त्यांना लागलं असावं.

आता मुख्य गोष्टीकडे येते. येताना पाय जड होतात, तरी येते. नव्या कापडात सुई नीट जात नाही, जुनं धुऊन मऊ झालेलं सुती कापड लागतं, असं त्यांचं सुरू झालं. आमच्याकडे बोहारणीसाठी बांधून ठेवलेलं एक गाठोडं होतं. बोहारीण यायची बंद झाली (नवा वॉचमन तिला गेटच्या आत सोडत नाही, आणि मला स्टीलचा डबा हवाच होता), म्हणून ते कपाटावर तसंच पडून होतं. मी म्हटलं, ते घ्या, माझ्या साड्यांना तेवढा हात लावू नका. आणि वन्सं, त्याच गाठोड्यात एका विटक्या चादरीत, कडुलिंबाचा पाला घालून, आईंनी स्वतःच्या हाताने भरलेला अंतरपाट होता. (तिथे तो मीच ठेवला होता, चोराला शंका येऊ नये म्हणून. गाठोडं काढून मीच दिलं, हेही खरं. पण आतला माल बघून मग कात्री चालवायची असते की नाही?)

मला याचा पत्ताच नव्हता. तुम्ही फोन केलात, अनिमेषच्या लग्नात अंतरपाट आईचाच धरायचा, आत्तापासून काढून इस्त्री करून ठेव, म्हणून मी स्टुलावर चढून बघितलं, तर गाठोड्याच्या जागी नुसती धूळ, आणि तेव्हा आठवलं की ते मीच काढून दिलं होतं. मी खाली उतरले आणि शक्य तितक्या शांतपणे विचारलं. ते काय म्हणाले ते शब्दाला शब्द लिहिते: "ते पांढरं मांजरपाट होय? फार सुरेख कापड. भरलेल्या भागाची आठ कार्डं निघाली आणि उरलेलं अस्तराला गेलं. एक इंच वाया जाऊ दिला नाही."

अभिमानाने म्हणाले हो. मी मटकन स्टुलावरच बसले. हत्ती, तुळशीवृंदावन, कैऱ्यांची डहाळी, पोपट, सगळं सहा बाय चारमध्ये स्केल आणि गुण्या लावून कापलेलं. कुंकवाचं फिकट स्वस्तिक त्यांना लोणच्याचा डाग वाटलं, म्हणून त्यावर त्यांनी एक फूल भरून टाकलं. मी विचारलं, अहो, ज्या कापडासमोर उभं राहून लग्न केलंत ते कापड तुम्हाला ओळखू येऊ नये? तर म्हणाले, मी त्याच्या दुसऱ्या बाजूला होतो, मला नुसत्या गाठी आणि लोंबणारे दोरे दिसत होते. आणि वन्सं, खरंच आहे ते. आपल्याकडे भरतकामाची सुलटी बाजू नवरीकडे करायची पद्धत. या माणसाने आपल्या आईच्या अंतरपाटाचा चेहरा जन्मात पाहिलेला नव्हता.

मग आम्ही दोघं रिक्षा करून शहाडला गेलो. प्राचीताई भल्या बाई आहेत, ऐकून त्याही खाली बसल्या. नियम मोडून नावं द्यायला तयार होईनात, पण ज्यांना ज्यांना ती कार्डं गेली त्यांना त्यांनी स्वतः निरोप पाठवले. तेव्हापासून आमच्या लेटरबॉक्समध्ये रोज एक नवा धक्का येतो. हत्ती साताऱ्याहून परत आला, पण अंगभर चमचमत्या टिकल्या लावून. त्या बाईंना तो फार साधा वाटला म्हणे. तुळशीवृंदावन विठ्ठलवाडीलाच होतं, त्याला चेन लावून चष्म्याचं घर केलेलं. कैऱ्या वॉशिंग मशीनमध्ये कुणाच्या तरी लाल मोज्यांबरोबर धुतल्यामुळे पिकल्या आहेत. पण प्रत्येकीने सोबत चिठ्ठी घातली आहे, लग्नाला आशीर्वाद दिले आहेत, कुणी दोऱ्याची लडी पाठवली आहे. माझ्या डोळ्यांना पाणी आलं, पण हत्तीकडे बघून ते लगेच आटलं.

तुमचे बंधू आता आलेले तुकडे नव्या कापडावर जोडायला बसलेत. बोटांना सुया टोचून टोचून चाळणी झाली आहे. त्यांना बोलायचं म्हणून मी सगळे शब्द तयार ठेवले होते, पण परवा ते तुळशीवृंदावनाची चेन उसवत होते आणि मान वर न करता म्हणाले, "आईच्या हाताचं एवढंच राहिलं होतं, आणि मी ते स्केल लावून कापलं." त्यांचा आवाज ऐकून माझे शब्द मी परत आत ठेवले.

सात तुकडे जमले. पोपट तेवढा आलेला नाही. अंतरपाटाच्या ऐन मध्यावर त्याची जागा मोकळी आहे, आणि लग्न पुढच्या महिन्यात. ज्यांना तो गेला त्या कुणी 'मैना, ठाणे' (प्राचीताईंनी टोपणनाव तेवढं सांगितलं) यांनी त्यांच्या निरोपाला उत्तरच दिलेलं नाही. मधे पोपट नसलेला अंतरपाट तुमच्यासमोर धरायचा या विचाराने माझी बोबडी वळते. रविवारी तुम्ही व्हिडिओ कॉल केलात आणि विचारलंत, पोपटाला कसर नाही ना लागली, तेव्हा मला जो ठसका लागला तो या सगळ्यामुळे. लाडवाचा कण अडकला असं मी सांगितलं, त्याबद्दल क्षमा असावी. तुम्ही मोठ्या आहात, काय ते बोलून घ्या, पण लग्नाला या. रागावून ठाण्यातच बसू नका.

मोठ्यांना नमस्कार, सलिलला आशीर्वाद, आणि भाऊसाहेबांना हे पत्र वाचून दाखवू नये ही विनंती.

तुमची, सध्या तोंड लपवून बसलेली भावजय,
सरोज

ता.क. डिंक अजून वाळलेला नाही, म्हणून लिहून टाकते. ठसका लाडवाचाही नव्हता आणि वर लिहिलेल्या भीतीचाही नव्हता. त्या दिवशी तुम्ही फोन डब्याला टेकवून ठेवला होतात, आणि तुमच्या डोक्यामागे, कॅलेंडरच्या शेजारी, सोनेरी फ्रेममध्ये पोपट होता. हिरवा दोरा संपला म्हणून आईंनी ज्याचा डावा पंख गडद रंगाने भरला, तोच. माझ्या लग्नात सगळी मंगलाष्टकं संपेपर्यंत माझ्या नाकासमोर तो होता, मी त्याला गर्दीतही ओळखेन. तेव्हा कळलं की 'कापडी टपाल'मधल्या ज्या 'मैना, ठाणे' म्हणून बाई आहेत, त्या कोण. दिवाळीत भावाला हसणाऱ्या तुम्ही, आणि घरी गुपचूप तेच. 

आधी वाटलं, बिचाऱ्या वन्सं, त्यांना माहीतच नाही भिंतीवर काय टांगलंय. दोन दिवस मला तुमची दयासुद्धा आली. मग पोळ्या लाटता लाटता डोक्यात आलं की आईंनी तो अंतरपाट भरला तो मुळात तुमच्या लग्नासाठी. तुम्ही शेजारी बसून दोरे ओवून देत होतात, हे आईंनीच मला सांगितलेलं. तुमच्याही नाकासमोर तोच पोपट होता. तुम्ही तो ओळखला नाहीत, असं होऊच शकत नाही. आणि इतके दिवस, दर फोनला, एवढ्या साळसूद चेहऱ्याने, पोपटाला कसर नाही ना लागली? वन्सं, तव्यावरची पोळी करपली.

तो परत मागत नाही. तो तुमचाच आहे. मी या घरात राहिले म्हणून माझ्या कपाटात राहिला, एवढंच. माझं मागणं वेगळं आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी फ्रेम घेऊन या, आणि मोकळ्या जागेवर तो तुमच्या हाताने कच्च्या टाक्यांनी जोडा. अक्षता पडल्या की टाके उसवून घेऊन जा, कुणी काही बोलणार नाही. आणि जोडताना तुमच्या भावाला एकदा, एकदाच, सांगा की मधू, काम छान झालंय. मी रोज सांगते, पण त्यांना ते तुमच्या तोंडून हवं आहे. आईंनंतर या घरात टाक्यातलं कळणारं माणूस तुम्हीच, हे त्यांनाही माहीत आहे. मैना कोण ते मी त्यांना सांगितलेलं नाही.

ता.क. आणखी एक, शेवटचं. पाठवलेल्या आठ कार्डांच्या बदल्यात आमच्याकडे जी आठ आली, त्यात 'मैना, ठाणे' यांचंही एक आहे. जांभळ्या रेशमावर मोगऱ्याच्या कळ्या. काम इतकं सुबक की ते मी फ्रिजच्या दारावर लावलं. काल दूध ठेवताना काठ बघितला आणि तुमच्या बंधूंचं भिंग आणून पुन्हा बघितला. सलिलच्या मुंजीत तुम्ही नेसायला नेलेली आणि ड्रायक्लीनरने हरवलेली माझी नारायणपेठ, वन्सं. त्या बिचाऱ्या ड्रायक्लीनरला मी इतकी वर्षं शिव्या घालतेय. असो. मांडवात अंतरपाटाबद्दल तुम्ही काही बोलू नका, साडीबद्दल मी बोलणार नाही. पदर अजून शिल्लक असेल तर येताना तोही घेऊन या. आम्हाला मागून लावायला अस्तर कमी पडतंय, आणि या वेळी अनिमेषच्या बाजूनेही काहीतरी बघण्यासारखं असावं, असं त्याचे बाबा म्हणताहेत.