जुईची रजा

३ मार्च
लिफ्टमध्ये समोरच्या नयनाबेन. "जुई, आजे पण रजा?" जुईने मान हलवली. मग माझ्याकडे वळून, आवाज उतरवून, "तबियत तो सारी छे ने एनी?"
नऊ वर्षांची मुलगी दिवाळीपासून घरी, म्हणजे आजारी. नाहीतर नापास. नाहीतर आमची फी भरायची ऐपत गेली. आधी मी नीट सांगायचे, आम्हीच काढली, घरी शिकते, दहावी बाहेरून देता येते. ते ऐकून लोक जास्तच कीव करतात. आता मीही म्हणते, हो, रजा.
शाळेतल्या मॅडम म्हणाल्या होत्या, "ये बच्ची क्लास में बैठती है, पर होती नहीं." खरं होतं. मीही अशीच. आत्ता हे लिहिताना दूध उतू गेलं.

७ मार्च
भिंतीवरचं टाइमटेबल काढलं. चिकटपट्टीबरोबर रंगाचे पोपडे आले.
काय थाट होता सुरुवातीला. सकाळी सासूबाईंच्या देवघरातली घंटा मी वाजवायचे, जुई युनिफॉर्म घालून चटईवर, मी हातात पट्टी घेऊन. पोर स्वतःच्या घरात, स्वतःच्या माठासमोर हात वर करून विचारायची, "मिस, पाणी पिऊ?" शेवटी सा.बा.च म्हणाल्या, "घंटी वाजाडू नको माय, देवले वाटस आरती शे."
घरी शिकवायचं म्हणजे आईने मास्तरीण व्हायचं, असं लोकांना वाटतं. लोकांचं कशाला, मलाच वाटत होतं.

१५ मार्च
दुपारी पॅसेजमध्ये बायका मजुरीवर साड्यांना टिकल्या चिकटवत बसतात. गठ्ठे नयनाबेन आणतात. सा.बा.ही बसतात, हात रिकामे राहिले की मन गावाला पळतं म्हणून. आणि त्यांच्या मांडीला टेकून जुई. चार टिकल्या चिकटवते, बाकी नुसती बघते.
आज आकाशी साडी होती. पंख्याच्या वाऱ्याने सगळा ढीग हलत होता. जुई म्हणाली, "ही तापी आहे. आजोळहून निघाली." माझं माहेर वर प्रकाशा गावाकडचं, तापीकाठचं. मग प्रश्न सुरू. तिथलं पाणी इथे सुरतेत येतं? मधे धरण आहे तर थांबतं का? थांबलेलं पाणी तेच राहतं का? बायका आपापल्या परीने उत्तरं देत होत्या, गुजरातीत, हिंदीत, अहिराणीत. मी दारात उभी, कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या कुणास ठाऊक. भाताची पेज झाली.

२ एप्रिल
संदीप पलसाण्याच्या मिलमधून घरी आला तो हात न धुताच उभा. डाइंग मिलमध्ये रंग जुळवायचं काम त्याचं, नखं कायम कुठल्यातरी रंगाची. आज निळी.
मिलमध्ये एकाने विचारलं म्हणे, "पोरगी कमावाले लागनी का?" आमच्याच बिल्डिंगमधला माणूस. जुईला पॅसेजमध्ये साडी मांडीवर घेऊन बसलेली पाहिली त्याने.
"अहो, ती चार टिकल्या..."
"मला सातवीतून काढलं आणि लूमवर उभं केलं," संदीप म्हणाला. "तेव्हा बाबा पण लोकांना हेच सांगायचे. घरीच शिकतो म्हणून."
बारा वर्षं संसार झाला, हे मला कधी सांगितलं नव्हतं. मग म्हणाला, जूनमध्ये शाळा, विषय संपला. हात धुवायला गेला तो बराच वेळ नळ चालूच.
 

३ एप्रिल
जुईला सांगितलं, पॅसेजमध्ये जायचं नाही. दार लावून घेतलं.

९ एप्रिल
घर शांत. जुई पानंच्या पानं सोडवते. अक्षर सुंदर. प्रश्न एकही नाही. काल विचारलं, तापीचं पुढे काय झालं? म्हणाली, "पुस्तकात नाहीये."
सा.बा. आज ताटावरून उठता उठता, "पोरले कोंडीसनच ठेवानं व्हतं ते शायमाईन काढं कसाले?" म्हणजे कोंडायचंच होतं तर शाळेतून काढली कशाला.
राग आला. मुलगा तुमचाच बोलला, त्याला सांगा ना. ओठांवर आलेलं गिळलं. मग ओट्याशी उभी राहून रडले, कारण बाई खरं बोलल्या होत्या. लोक काय म्हणतील ह्या भीतीने मी घरातच शाळा बांधली होती, आणि ह्या शाळेला तर मधली सुट्टीसुद्धा नाही.
दुपारी दार उघडलं.  उंबऱ्यावरची जुईची चप्पल कधी नाहीशी झाली कळलं नाही.

१२ एप्रिल
दुपारी डोळा लागला. स्वप्न. तापीला संथ पूर, आणि पाण्यावरून शाळेचे बाक वाहत येताहेत. एकावर जुई. मागच्या बाकावर हाफपँटमधला एक मुलगा, चेहरा संदीपचा. कुणाला घाई नाही. मी काठावर डबा घेऊन उभी आणि ओरडायचं म्हणते तर... आवाज नको वाटतो. दोघं समुद्राकडे निघाली होती, मजेत.
जागी झाले तर घामाने पदर ओला. वीज गेलेली.

२६ एप्रिल, रविवार
संदीपने मिलमधून रंगाच्या चिंध्या आणल्या. हिरवा-निळा रामा, रानी, गाजरी, चिकू, मेहंदी. गच्चीवर दोघं. ऊन कलतं होतं, खाडीचा वास नव्हता, नशीब.
जुईला सांगत होता, ट्यूबलाइटखाली रंग जुळला तरी पास करायचा नाही. चिंधी घेऊन बाहेर यायचं, उन्हात बघायचं. आत एक दिसतं, बाहेर वेगळंच. जुई लगेच जिन्यात पळाली, परत उन्हात आली, परत जिन्यात. "पप्पा, चिकू तो बदलाई गयो!" संदीप हसला. किती दिवसांनी.
मग तिने विचारलं, रामा कशाकशाने होतो, किती किती? सांगायला गेला आणि अडकला. म्हणाला, "टक्केवारीपाशी माझी गाडी थांबते. हाताला कळतं, कागदावर मांडता येत नाही." सहज म्हणाला. पण लगेच चिंध्या गोळा करायला लागला.
वाटलं आता जूनचं बोलावं. वाळलेले कपडे काढायला लागले. आकाश तेव्हा अगदी गाजरी झालं होतं.

१८ मे
संदीपने बॅग आणली. शाळेची. गडद निळी, जुईच्या पाठीला भलतीच मोठी. "दहावीपर्यंत चालेल," म्हणाला. जुईने आत तोंड घालून वास घेतला. खुंटीवर टांगली आहे. पंखा लावला की तिचे पट्टे हलतात.

१ जून
जुईला उन्हात उभं करून विचारलं, गच्चीवर, कपडे वाळत घालताना. तुला काय हवंय? बराच वेळ चिमटे मोजत राहिली. म्हणाली, "थोडं थोडं दोन्ही." असं नसतं गं, म्हटलं. "का?"
जेवताना तिनेच विषय काढला. "पप्पा, तुम्हाला आवडते ना शाळा? मग माझ्याऐवजी तुम्ही जा ना." चेष्टा नव्हती, अगदी मनापासून तोडगा काढला होता. सा.बा.ंना हसता हसता ठसका लागला. संदीप घास चावत राहिला. भाकरी संपली तरी चावत होता.
आवराआवर झाल्यावर ओट्याशी आला. "सातवीचं गणित मिळतं का कुठे? मराठीतलं."
"कुणाला हवंय?"
"असंच."

९ जून
माहेराहून पुस्तक आलं, बारडोलीपर्यंत येणाऱ्या एका ओळखीच्याच्या हाती. माझ्या भाच्याचं जुनं. कोपरे कुरतडलेले, प्रत्येक चित्रातल्या माणसाला मिशा काढलेल्या. टीव्हीखाली ठेवलं. कुणी हात लावला नाही. निदान माझ्यासमोर तरी.

शाळा उघडली
तारीख काय लिहायची, आज सगळं सुरत हीच तारीख सांगतंय. पर्वत पाटियाच्या चौकापासून व्हॅनचे हॉर्न. जुईचा युनिफॉर्म मी इस्त्री करून खुर्चीवर ठेवलेला. घालायला की दाखवायला, मलाच माहीत नाही. जुई गादीवर, पंख्याकडे बघत.
संदीप चहा पिऊन उठला. युनिफॉर्मकडे पाहिलं, जुईकडे पाहिलं. "आज राहू दे. सोमवारी बघू."
सोमवारी बघू म्हणजे काय, हो की नाही, विचारायच्या आत जिना उतरला होता. दारातून नयनाबेन, "जुई, स्कूल तो खुली गई!" आतून जुई, "हा, मने खबर छे."
तेवढ्यात खुंटीकडे लक्ष गेलं. बॅग नाही.
बाल्कनीत गेले. खाली कोपऱ्यावर, मिलची गाडी थांबते तिथे, युनिफॉर्मची पोरं एका बाजूला आणि संदीप एका बाजूला. पाठीला निळी बॅग. दोन्ही पट्टे दोन्ही खांद्यांवर, डब्याच्या वजनाने बसते तशी नीट बसलेली. टीव्हीखाली पुस्तक नव्हतंच, ते मी नंतर पाहिलं. गाडी आली. चढताना त्याने बॅग काढून पुढे छातीशी धरली, गर्दीत चेंगरू नये म्हणून.
मला हसू येत होतं आणि दिसत काही नव्हतं.
जुई शेजारी येऊन उभी, केस पिंजारलेले. "पप्पा बॅग घेऊन गेले?"
"हो."
गाडी वळेपर्यंत ती बघत राहिली. मग म्हणाली, "आणि सोमवारी मला लागली तर?"