माझ्या आधी येऊन गेलेला

सोमवार, ५ जानेवारी १९५९. आचरा.
दुपारच्या एस.टी.ने मालवणहून पोचलो. नवी छत्री, नवी खाकी पिशवी, नवी नोकरी! हंगामी मास्तरकी सोडून साबण विकायला निघालो म्हणून नांदगावात सगळे हसले. पण शुभ्रा साबणाचा फिरता विक्रेता आज दारोदार हिंडतो, उद्या तालुक्याचा एजंट होतो, परवा जिल्ह्याचा. मास्तरकीत असं वर जाणं नाही. बायकोला, सुनीतीला पटलं, तेवढं पुरे. सत्यवतीअक्कांच्या पडवीत खोली मिळाली. अक्का एकट्याच राहतात, बोलायला मोकळ्या. जेवायला बांगड्याचं तिखलं होतं. दोनदा भात घेतला.

गुरुवार, ८ जानेवारी.
देवळाजवळची घरं झाली. कोल्हापूरच्या साहेबांनी शिकवलं तसंच करतो. अंगणातल्या खळ्यात उभं राहून आधी प्यायला पाणी मागायचं. मग मळक्या फडक्याचा अर्धाच भाग धुऊन कुंपणाच्या वईवर टाकायचा. तो वाळेपर्यंत साबणाचं नाव काढायचं नाही, आपल्या घरचं बोलायचं. मी आमच्या नीरजाचं सांगतो. चार वर्षांची झाली तरी माझा कान धरल्याशिवाय झोपत नाही. बायका हसतात, ओटीवर बसवतात आणि साबण घेतात. मला हे जमतंय! वर्गात उभं राहून असं कधी वाटलं नव्हतं.

शनिवार, १० जानेवारी.
आज खालच्या वाडीत गेलो. पहिल्याच घरी तुळसा नावाच्या बाई भात वाळत घालत होत्या. मला बघून म्हणाल्या, "सकाळीच साबण घेतलो मां तुमच्याकडसून! परत कित्याक इलास?"
वईवर फडकं वाळत होतं. अर्धं मळकं, अर्धं पांढरंशुभ्र.
कंपनीने माझ्याच भागात दुसरा माणूस पाठवला असणार. राग आला. निघताना बाईंनी हसून विचारलं, "चेडू अजून कान धरता?"
मी या बाईंना आजवर कधी भेटलेलो नाही.

मंगळवार, १३ जानेवारी.
वाडी शेवटच्या टोकाकडून सुरू केली. सातही घरं. सातही वईंवर फडकी, ओली. एका म्हाताऱ्याने सुनीतीच्या बाळंतपणाची चौकशी केली. तिला दिवस गेल्याचं मी देवळाजवळ एका घरी बोललो होतो. एकाच.

बुधवार, १४ जानेवारी.
त्याला पाहिलं. भर दुपारी, खाडीपलीकडे. तीच छत्री, तीच खाकी पिशवी. माझ्यासारखाच डाव्या पायावर भार देऊन उभा होता. पाणी पीत होता. मी हाका मारल्या. त्याने मान वळवली नाही. पाणी देणाऱ्या बाईने कपाळावर हात धरून माझ्याकडे पाहिलं आणि आत जाऊन दार लावलं. त्याला बाहेर ठेवून नव्हे. तोही आत गेला.

शुक्रवार, १६ जानेवारी.
कंपनीचं पत्र. 'आपण १४ तारखेला समक्ष येऊन भेटलात, फार आनंद झाला. तालुक्याची एजन्सी आपल्याला देत आहोत.'
मी कोल्हापूरला गेलेलो नाही. परवा खाडीच्या अलीकडे उभा होतो. उत्तर लिहायला घेतलं. मी मी आहे, हे कसं लिहितात?

शनिवार, १७ जानेवारी.
सकाळपासून एकही घर उघडलं नाही. दुपारी ताटावर बसायला गेलो तर अक्कांनी पायरीवरच अडवलं. म्हणाल्या, गुरुदास मास्तर जेवून मघाशीच गावाला गेले. खोली रिकामी केली.
मी म्हटलं, अक्का, मीच तो.
"कोण रे तू? खंयसून इलंस?"
पहिल्या दिवसापासून मला अहो-जाहो करणाऱ्या अक्का. त्या भ्यालेल्या होत्या. मला.
गावाला गेले — म्हणजे नांदगावला —

रविवार, १८ जानेवारी. नांदगाव.
पहिली गाडी धरली. तरी तो आधी.
घरासमोरच्या दगडी गडग्यावर बसून लिहितोय. बारा वाजलेत. रस्त्यावर माणसं आहेत, कुणी ओळख देत नाही.
दारात गेलो होतो. सुनीती आली. थकलेली, पोटावर हात. मी तिचं नाव घेतलं. तिने पदर सावरला आणि परक्याशी बोलतात तशी बोलली.
"साबण नको हां. आमच्या घरचेच त्या कंपनीत आसत."
मी बोलत राहिलो. लग्न, तिचे वडील, तापातली ती रात्र — सगळं. ती मागे सरकत गेली. घरातलं मला कसं ठाऊक, म्हणून रडायला लागली. मग आत बघून हाक मारली, "अहो!"
आतून 'ओ' आली. माझ्या आवाजात.
ती मला भिते. त्याला नाही.
पळायला हवं. पाय उचलत नाहीत —
दार उघडलं. नीरजा त्याच्या कडेवर आहे. हसतेय. हात दाखवतेय माझ्याकडे, विचारतेय त्याला कोण म्हणून —
तो येतोय. खळं ओलांडलं. लोट्यातून पाणी आणलंय मला. ऊन तोंडावर — आता दिसतंय, तोंड दिसतंय — नीरजा, खाली उतर, बाय माझी, उतर, ते बाबा नाहीत, त्याला —