रडण्याच्या कुस्तीत मिनोरी कशी जिंकली, त्याचा शिगेको वन्संना खुलासा

ती. शिगेको वन्सं यांना चिझुरूचा गुडघे टेकून, कपाळ चटईला लावून नमस्कार. (खरोखर लावलं. तेवढ्यात मिनोरीने माझ्या पाठीचा घोडा केला, म्हणून उठायला जरा वेळ लागला.)

मोरिओकाला आता थंडी पडायला लागली असेल. तुमचा डावा गुडघा कसा आहे? शाळेतल्या नव्या मुख्याध्यापकांना तुमच्या हाताखाली काम करायची सवय झाली का? इकडे आम्ही तिघंही सुखरूप आहोत. तुमच्या बंधुराजांची तब्येत चांगली आहे, जरा जास्तच चांगली आहे. त्यांचा जुना कोट आता फक्त उभं राहिल्यावर बसतो. छापलेल्या पत्राला माणसाचा चेहरा नसतो, असं तुम्ही म्हणता म्हणून हाताने लिहिते आहे. अक्षर सांभाळून घ्या, एका हातात पेन आहे आणि दुसऱ्या हातात तुमची भाची.

आता मुद्द्याचं. सेंदाईच्या काकूंनी तुम्हाला फोन केला आणि सांगितलं म्हणे, की चिझुरूने अकरा महिन्यांचं तान्हं मूल लंगोट लावलेल्या पैलवानाच्या हातात दिलं, त्याने ते सहाशे लोकांसमोर उंच धरलं, आणि मूल ऊर फुटेस्तोवर रडत असताना ही बाई खाली उभी राहून टाळ्या वाजवत होती. वन्सं, यातला शब्द न् शब्द खरा आहे. पण काकूंनी मधूनच सुरुवात केली, म्हणून ते वाईट दिसतं. मी पहिल्यापासून सांगते.

मिनोरी जन्मली तेव्हापासून रडते हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण किती, ते मी तुम्हाला कधी कळू दिलं नव्हतं. इतर बाळं भूक लागली म्हणून रडतात, ओलं झालं म्हणून रडतात. मिनोरी पडदा सरकवला म्हणून रडायची आणि तो परत ओढला म्हणून दुप्पट रडायची. कुकरमधून भात शिजल्याची धून वाजली की भोकाड, नाही वाजली की वाट पाहून भोकाड. तुम्ही पाठवलेलं शिस्तीचं पुस्तक मी मनापासून वाचलं. त्याच्या चौथ्या प्रकरणात लिहिलं आहे, की मूल रडलं तर तीन मिनिटं थांबावं, ते आपोआप शांत होतं. मी घड्याळ लावून एक्केचाळीस मिनिटं थांबले. शेवटी मिनोरीने ते चौथं प्रकरणच चावून खाल्लं, त्यामुळे त्यापुढे काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

आमच्या खालच्या मजल्यावर उसुई आजोबा राहतात. एकटे असतात, सगळं आयुष्य हवामान खात्यात काढलेलं. त्यांनी कधी दार ठोठावलं नाही की आवाज चढवला नाही. फक्त रोज सकाळी आमच्या टपालपेटीत एक चिठ्ठी पडायची, सुवाच्य अक्षरात: 'सकाळी ७.४० जोरदार. ८.१० ते ८.२५ तुरळक. दुपारी १.०० पासून सर्वदूर. उद्या दिवसभर शक्यता.' वाचून मला धरणीने पोटात घ्यावं असं व्हायचं. तुमचे बंधुराज दर रविवारी लाल बीनच्या वड्यांचा डबा घेऊन खाली जायचे आणि दारात वाकून क्षमा मागायचे. (पुढे पुढे वड्यांच्या दुकानातली बाई यांना लांबून पाहिलं की हाक मारायची, 'माफीचा डबाच ना? बांधून ठेवलाय!')

हे सगळं मी सहन केलं असतं, पण ती मादोका आसागिरी आली. म्हणजे घरी नाही, फोनवर. आमच्या गावातली ही बाई ब्लॉग लिहिते, नाव 'शांत बाळ, प्रसन्न घर'. तिचा सोसुके आणि आमची मिनोरी एकाच आठवड्यातले. सोसुके संध्याकाळी सातला स्वतःहून झोपतो. सोसुके वाफवलेलं गाजर बघून हसतो. प्रत्येक फोटोत पांढरी चादर, पांढरा झबला, आणि मागे पांढऱ्याच फुलदाणीत एकच फांदी. बालकेंद्रात मुलं घेऊन येणाऱ्या सगळ्या आया तिचा शब्द झेलायच्या. मीही रोज वाचायचे, दुखऱ्या दाताला जीभ लागते तसं. शेवटी धीर करून तिच्या एका लेखाखाली विचारलं, की ताई, माझी मुलगी दिवसातून वीस वेळा रडते, मी काय करू? तिने चार हजार वाचकांच्या देखत उत्तर दिलं, की बाळ उगाच रडत नसतं, आई आतल्या आत रडत असते, ते त्याला ऐकू येतं. खाली सदुसष्ट बायकांनी लाल बदामाची चिन्हं टाकली.

वन्सं, मी त्या दुपारी मिनोरीला पाळण्यात ठेवलं, गाद्यांच्या कपाटात शिरले, दार ओढून घेतलं आणि आतल्या आत नाही, चांगलं बाहेर रडले. मग तिथेच गादीवर बसून फोनवर स्वतःचा ब्लॉग उघडला. नाव दिलं 'आमच्याकडे परत सुरू झालं'. काय लिहावं सुचेना, म्हणून उसुई आजोबांच्या आठवडाभराच्या चिठ्ठ्या जशाच्या तशा उतरवल्या आणि खाली एकच ओळ लिहिली: 'हा माझ्या मुलीचा आवाज आहे. तुमच्याकडे हवामान कसं आहे?'

मला वाटलं होतं कोणी वाचणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सतरा उत्तरं! 'आमच्याकडे पहाटेपासून वादळ.' 'सासूबाई आल्या असताना गारपीट झाली.' फुजिनो नावाच्या एकीने लिहिलं, 'जुळं आहे. पाळ्या लावून रडतात. एक थकला की दुसऱ्याला उठवून कामावर पाठवतो.' मिनोरी जन्मल्यापासून मी पहिल्यांदा इतकी मोठ्याने हसले, की मिनोरी घाबरून रडायला लागली. मग मी रोज लिहायला लागले. सल्ला एकही नाही, जे झालं ते. हे तुम्हाला आवडायचं नाही, घरातलं चव्हाट्यावर मांडू नये असं तुमचं मत मला माहीत आहे. पण वन्सं, आमच्या घरातलं चव्हाट्यावर आधीच ऐकू जात होतं.

वाचकांपैकी नऊ जणी आमच्याच गावातल्या निघाल्या. भेटायचं कुठे, हा प्रश्न होता, कारण अकरा बाळं घेऊन चहाच्या दुकानात गेलो तर दुकान बंद पडेल. फुजिनोनेच डोकं चालवलं. स्टेशनमागे माइकवर गाणी म्हणायच्या कराओकेच्या खोल्या आहेत, भिंतींतून आवाज जात नाही, आणि मंगळवारी सकाळी तिथे चिटपाखरूही नसतं. (तिथला व्यवस्थापक एकदा काही हवं का विचारायला आत आला, आणि नंतर सगळं दाराच्या फटीतून द्यायला लागला.) अकरा बाळं एका सुरात रडत आहेत आणि आपण शेजारणीच्या कानात ओरडून आपली सुखदुःखं सांगतो आहोत, यात किती विश्रांती असते ते शब्दांत सांगता यायचं नाही. तिथे कोणी कोणाला 'गप्प कर तिला' म्हणत नाही.

मग शरद ऋतूचा उत्सव आला. तुमच्याकडे ही चाल नाही म्हणून सांगते. आमच्या देवळात दर ऑक्टोबरला रडण्याची कुस्ती होते. पूर्वेचा एक पैलवान आणि पश्चिमेचा एक, दोघांच्या हातात एकेक बाळ. जे आधी रडेल ते जिंकलं. दोन्ही एकदम रडली तर ज्याचा आवाज मोठा ते. रडणारं बाळ निरोगी वाढतं, त्याच्या आवाजाने अशुभ पळतं, अशी इथली श्रद्धा. मादोकाने ब्लॉगवर जाहीर केलं, की सोसुके उत्सवाला जाणार, पण रडायला नाही, केवळ आशीर्वादाला. आणि पुढे लिहिलं, की हल्ली काही आया आपल्या अपयशाचं प्रदर्शन मांडतात, त्यांची मला कीव येते. फुजिनोने तो मजकूर कराओकेच्या माइकवरून वाचून दाखवला. म्हणाली, 'चिझुरू, आयुष्यात एकच स्पर्धा अशी आहे, की जिच्यासाठी आपली पोरं जन्मापासून तालीम करतायत. आणि आपण घरी बसायचं?'

आम्ही दहा जणींनी अकराच्या अकरा नावं दिली.

उत्सवाच्या दिवशी ऊन छान पडलं होतं. आमची सगळी बाळं चिठ्ठ्या टाकून पश्चिमेला गेली (देवाची करणी, दुसरं काय), फक्त फुजिनोच्या जुळ्यातलं एक पूर्वेला गेलं आणि नेमकं आपल्याच भावासमोर आलं. दोघं एकमेकांना बघताक्षणी असे काही किंचाळले, की पंचाने निकालाचा पंखा दोन्हीकडे दाखवला. बाकीच्यांनी तर पैलवान बाळाला नीट उचलेपर्यंतही दम धरला नाही. प्रत्येक वेळी आम्ही उड्या मारायचो. शेवटच्या जोडीआधी फलकावर एकतीस-एकतीस झालं होतं, आणि भोंग्यावर नावं पुकारली: पूर्वेकडून सोसुके आसागिरी, पश्चिमेकडून मिनोरी.

मी निर्धास्त होते. अकरा महिने ज्या मुलीने मला जेवू दिलं नाही, ती काय आज दगा देणार? पैलवानाने तिला उचललं. मिनोरीने त्याच्याकडे पाहिलं, त्याचे दोन्ही कान धरले, आणि खुदकन हसली.

वन्सं, चक्क हसली! पुजाऱ्यांनी 'रड, रड' म्हणून आरोळी दिली, ती हसली. राक्षसाचा मुखवटा आणला, तिने त्याचं नाक ओढलं. समोर सोसुके तर पांढऱ्या झबल्यात बुद्धासारखा बसलेला. मादोका हात जोडून मंद हसत होती. लोक कुजबुजायला लागले. मागे कोणीतरी म्हणालं, 'हीच का ती रडकी मुलगी? बाई थापा मारते की काय?' अकरा महिने मी ज्या शांततेसाठी नवस बोलले होते, ती अशी सहाशे लोकांसमोर मिळाली, आणि मी मनात म्हणत होते, रड ग माझ्या बाई, एकदाच रड, आईची अब्रू जातेय!

तेवढ्यात गर्दीतून खणखणीत आवाज आला, 'थांबा! निकाल देऊ नका!' बघते तर उसुई आजोबा. बगलेत छत्री, हातात वही. माणसं बाजूला सारत ते आखाड्याच्या कडेशी आले आणि पंचाला म्हणाले, 'मी या मुलीचा तीनशे दिवस अभ्यास केला आहे. ढग आलेले आहेत. फक्त वारा हवा.' मग मिनोरीकडे वळून त्यांनी ती काळी छत्री तिच्या नाकासमोर फट्कन उघडली.

मिनोरीने छत्रीकडे पाहिलं. आजोबांकडे पाहिलं. खालचा ओठ बाहेर आला, थरथरला. आणि मग जे सुरू झालं, वन्सं! कबुतरं उडाली. पैलवानाने डोळे मिटून घेतले. देवळाची घंटा कोणी न वाजवता घुमली असं फुजिनो म्हणते, मी स्वतः ऐकलं नाही, कारण मला दुसरं काही ऐकूच येत नव्हतं. पंचाने पंखा पश्चिमेकडे केला आणि आम्ही दहा जणी एकमेकींच्या गळ्यात पडलो. हो, मी टाळ्या वाजवल्या. ज्या आवाजासाठी मी गावभर वाकून माफी मागत हिंडले, त्या आवाजाला सहाशे लोक वाहवा देत होते. उसुई आजोबा दिसेल त्याला सांगत होते, 'आमच्या इमारतीतली आहे. मला रोज फुकट ऐकायला मिळतं.'

त्या गडगडाटाने सोसुकेही दचकला आणि रडायला लागला. मादोका त्याला हातात घेऊन खांबासारखी उभी राहिली. तिच्यावर कधी ही वेळच आली नव्हती. मी जवळ जाऊन दाखवलं, असं खांद्यावर घ्या, पाठीवर हात, आणि नुसतं चालत राहा. तिने चार पावलं टाकली आणि हळूच विचारलं, 'हे किती वेळ चालतं हो?' मी म्हटलं, 'आमचा अकरावा महिना.' ती हसली नाही, पण मंगळवारी कराओकेची खोली कुठली, ते विचारून गेली. (तिच्या ब्लॉगवर मात्र आलं, की सोसुके 'मोजकं आणि सुरेल' रडला. असू दे.)

विजयपत्र चौकटीत घालून भिंतीवर लावलं आहे. तर असा हा प्रकार आहे. यात घराण्याच्या नावाला बट्टा लागण्यासारखं काही झालं असेल, तर मला जरूर रागवा. पण आधी सेंदाईच्या काकूंना विचारा, की त्यांच्या घरात आजवर कोणी कशात पहिलं आलं आहे का?

गुडघ्याला जपा. मिनोरीचा तुम्हाला ओला पापा.

तुमची भावजय,
चिझुरू

ता. क. तुमचे बंधुराज नमस्कार सांगतात. त्यांनी सगळ्या कुस्तीचं चित्रीकरण केलं होतं. आनंदाच्या भरात कॅमेरा उलटा धरल्यामुळे त्यात त्यांची हनुवटी अतिशय स्पष्ट आली आहे.

ता. क. २. एक बारीकशी अडचण आहे. जिंकल्यापासून मिनोरी रडलेली नाही. आज बारावा दिवस. डॉक्टर म्हणतात तब्येत उत्तम आहे. ब्लॉगवर सहा हजार वाचक हवामान विचारतात, आणि मी 'अंशतः ढगाळ' लिहून वेळ मारून नेते आहे. त्यात पलीकडच्या गावच्या देवळाने २३ नोव्हेंबरच्या उत्सवाला पश्चिमेची विजेती म्हणून तिला मानाचं आमंत्रण पाठवलं आहे, आणि मी आनंदाच्या भरात हो म्हणून बसले. छत्रीचा आता उपयोग नाही, छत्री दिसली की ती टाळ्या वाजवते.

ता. क. ३. वन्सं, तुम्ही २२ तारखेला येऊ शकाल का? काही करायचं नाही, नुसतं पहिल्या रांगेत बसायचं, शाळेतला राखाडी पोशाख घालून, आणि तिच्याकडे एकदा नीट बघायचं. गैरसमज नसावा, ही कल्पना माझी नाही, उसुई आजोबांची आहे. एप्रिलमध्ये तुम्ही त्यांना जिन्यात 'सुप्रभात' म्हणाला होतात, त्यातून ते अजून सावरलेले नाहीत.