आत्या आणि डाळिंबाचं प्रकरण

वारजे, रविवार

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा कागदावरचाच खरा मानावा.) ऑपरेशन झालेला डोळा कसा आहे? थेंब घालायला विसरत नाही ना? इकडे बाबा, आमोद आणि मी ठीक. लिहायचं कारण आनंदाचं आहे: माझी कादंबरी अखेर तरली, आणि ती तुमच्यामुळे.

तुम्ही पट्टी बांधून आमच्याकडे होतात तेव्हा मी ती मोठ्याने वाचून दाखवायचे. गोष्ट ग्रीकांच्या पुराणातली. धान्याची देवी डिमीटर, तिची मुलगी पर्सेफनी आणि तिला बायको करायला पळवणारा तिचाच चुलता, पाताळाचा राजा. मुलगी सुटते, पण निघण्यापूर्वी तिथले डाळिंबाचे दाणे खाते, म्हणून दरवर्षी काही महिने तिला खाली परतावंच लागतं. मी देवांची माणसं केली, पाताळाची डोंगरातली खाण केली आणि सगळं जुन्या ग्रीसमधल्या एका खेड्यात बसवलं. (पहिल्या खर्ड्यात तिथली बाई मिरच्या कुटत होती. त्या काळी तिकडे मिरचीच नव्हती. ही चूक माझी मीच पकडली, एवढं श्रेय मला असावं.)

तुम्ही मात्र ही मंडळी शेजारच्या इमारतीत राहत असल्यासारखं त्यांना धारेवर धरलंत. "सख्खा चुलता नवरा? आणि आईला न विचारता?" राजाला स्वतःची जागा आहे म्हटल्यावर, "आहे गं, पण ऊन येतं का?" मूळ कथेत मुलीचा बाप देवांचा राजा आहे आणि त्याला सगळं आधीपासून ठाऊक होतं, हे सांगितल्यावर, "मग त्याला देव कशाला म्हणतेस? नातेवाईक म्हण."

अडलं होतं डाळिंबापाशी. प्रकाशनातल्या अस्मिताताईंनी बजावलं होतं, "घरी निघालेली मुलगी ते दाणे खाते कशाला? हे पटलं नाही, तर पुस्तक यंदा नाही." यंदा नाही म्हणजे कधीच नाही, हे स्वरावरून कळलं. फसवलं म्हणावं तर मुलगी बावळट ठरते, भूक म्हणावं तर हावरट. (दोन्ही तिच्यावर अन्याय, आणि तो ठरवणारी मी कोण, हेही मनात येई.) शेवटी मार्केट यार्डातून डाळिंबं आणली आणि पाताळाचा अंधार हवा म्हणून बाथरूममध्ये दिवा न लावता खात बसले. आमोदने बाहेरून विचारलं, "काय चाललंय?" म्हटलं, "संशोधन." त्याने दिवा लावला, लाल शिंतोडे उडालेला गाऊन पाहिला आणि विचारलं, "कोणावर?"

मग तुमचा परतायचा दिवस. आमोद खाली हॉर्न वाजवत होता, मी घाईत तुमच्या हातावर दही ठेवलं आणि लगेच आठवलं, तुम्हाला दह्याने खोकला होतो. तोवर तुम्ही ते चाटून पुसून खाल्लं होतं. मी ओरडले तर म्हणालात, "अगं, निघताना हातावर ठेवलेलं नाही म्हणतात का? ठेवणाऱ्याला वाटत असतं, माणूस परत यावं."

आत्या, त्याच दुपारी प्रकरण लिहून झालं. खाणीतली म्हातारी दासी पर्सेफनीच्या हातावर दाणे ठेवते. मुलीला ठाऊक असतं, हे खाल्लं की परतावं लागणार. तरी ती त्या हाताला नाही म्हणत नाही. अस्मिताताई फोनवर म्हणाल्या, "आता पटलं." पुण्याचं दही ग्रीसला न्यायचा मला अधिकार आहे का, हा प्रश्न अजून छळतो. पण तुम्ही दिलंत, आणि मी घेतलं. याचे आभार कसे मानतात ते मला येत नाही.

तुमची ऋणी (रीत म्हणून नव्हे, खरोखर),
नीरजा

ता. क. पुस्तक तुम्हाला अर्पण केलं आहे. नको म्हणू नये, पान छापून झालं.

ता. क. २. खरं कारण आता लिहिते. शेवटचं पान कोरं आहे. आईचा निरोप घेऊन पर्सेफनी खाली परत निघते, तेव्हा तिला काय वाटतं, ते मला माहीत नाही. छपाई त्यासाठी थांबली आहे. लग्नानंतर माहेरपण संपवून तुम्ही वाघोलीच्या एसटीत बसायचात. बाबा म्हणतात, ताई रडत जायची. मी लहान होते, पण मला तर तुम्ही खिडकीतून हसताना दिसायचात. खरं काय होतं?

ता. क. ३. हसणंच खरं असेल, तर फोन करू नका, पत्र लिहा. फोन बाबा उचलतात.