कॅप्टनचा फोन

मंगळवार, संध्याकाळ. खांदेश्वर.

आज विमान अपघाताच्या चौकशीत साहेब सरळ खोटं बोलले. "थकल्याचं कॅप्टननी आम्हाला कळवलंच नव्हतं." मी शेजारीच बसले होते.

कळवलं होतं, मलाच. वैमानिकांच्या ड्युट्या मी लावते. त्या दिवशी चौथ्या फेरीआधी त्यांचा फोन आला, "मॅडम, डोळे मिटतायत. दुसरं कुणी बघा ना." मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "दुसरा आहे कोण? त्यालाच पाठव." मग मीच कॅप्टनना गोड आवाजात म्हटलं, "सर, एवढी एकच फेरी." ते "बरं" म्हणाले.

छोटं नऊ सीटचं विमान. उतरताना धावपट्टीच्या अलीकडेच आपटलं. कॅप्टन गेले, दोन प्रवासी गेले.

गोड आवाजात! साहेबांपेक्षा त्या आवाजाचीच चीड येते.

चौकशीनंतर बाहेर कॅप्टनची बायको थांबली होती. तिनं मला विचारलं, "ते दमले होते का हो? तुम्हाला काही बोलले होते?"

मी म्हटलं, "नाही."

का म्हटलं? नोकरी जाईल म्हणून? साहेब मागे उभे होते म्हणून?

ती "म्हणजे चूक त्यांचीच," एवढंच म्हणाली आणि रिक्षात बसली. मी तिला हाकसुद्धा मारली नाही.