उंबऱ्यावरचा मोबाईल

४ जुलै

मिथुननं नवा मोबाईल आणला. (वहीत नवऱ्याचं नाव घ्यायला कुणाची चोरी आहे?) माझ्यासाठी? छे! मामांसाठी. सासरेबुवांचा जुना बटनांचा फोन विहिरीत पडला म्हणून. खोका माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "तू शिकव आबाला. मला टाइम न्हाई." पारावर बसून तंबाखू मळायला तेवढा टाइम आहे.

शिकवायचं पण कसं? लग्नाला नऊ वर्षं झाली, मामा माझ्याशी एक शब्द थेट बोललेले नाहीत. घरात यायचं तर आधी खाकरतात, की मी पदर घेऊन आत. चहा हवा असला तर म्हशीकडं बघून विचारतात, "चहा भेटंल का घरात?" म्हैस काय उत्तर देणार! आत्याबाई होत्या तोवर इकडचं तिकडं त्या सांगायच्या. सासूबाई गेल्या, आता मी, मामा आणि म्हैस.

५ जुलै

मामांना मोबाईल शिकवायची एवढी घाई कशाची, ते आज कळलं. माझी नणंद दैवशालाताई, वाळूजला असतात. आत्याबाईंचं वर्षश्राद्ध मागच्याच महिन्यात झालं, तेव्हा जाताना भावाला सुनावून गेल्यात — "माय गेली, माझं माहेर संपलं. पंचमीला मी येत न्हाई. आबांनी सोता फोन करून ये म्हणलं, तरच येईन."

मामांनी जन्मात कधी लेकीला फोन लावलेला नाही. लावायच्या आत्याबाई. हे शेजारी बसून नुसतं "पाऊस इचार" म्हणायचे.

म्हणजे मी शिकवायचं, मामांनी फोन करायचा आणि ताई पोरांसकट आठ दिवस येणार! झोके त्या खेळणार. तवा ठेवायचा नाही, काही चिरायचं नाही, म्हणून दिंडं उकडायची, ती मी उकडणार. पंचमी म्हणे लेकींचा सण. सून काय आभाळातून पडते? नऊ वर्षांत एका पंचमीला मला माहेरी धाडलं नाही. "दैवशाला येणार, मंग घरी कोण?" झालं! आणि आता आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा — तोही चार्जिंग करून.

७ जुलै

पहिला धडा. मामा ओसरीवर, मी दाराआड, मधे उंबरा. ते मोबाईल उंबऱ्यावर ठेवतात आणि रस्त्याकडं तोंड करून लांब बसतात. मी वाकून घेते, करून दाखवते — कुणाला? त्यांच्या पाठीला! — आणि परत ठेवते. ते खाकरतात, मी आत होते, मग येऊन उचलतात. तोवर स्क्रीन विझलेली.

फोन कसा उचलायचा ते शिकवायला मीच आतून माझ्या मोबाईलवरून लावला. "हिरवं वर करा," मी दाराआडून म्हणाले. मामांनी अख्खा मोबाईल डोक्याच्या वर धरला. वाजून वाजून बंद पडला बिचारा. ह्या माणसानं म्हणे तीन गावांच्या बांधांचे तंटे मिटवले!

९ जुलै

गॅलरीभर अंगठा. एका फोटोत म्हैस आहे, तीही अर्धी.

११ जुलै

मामांचं बोट जाड, चिरा पडलेलं. स्क्रीनला कळतच नाही. मग ते जोर लावतात, मोटारीच्या स्टार्टरचं बटन धरतात तसं दाबून धरतात. आज व्हॉट्सअ‍ॅपच उडवलं. दाराआडून ओरडून माझा घसा बसला.

तेवढ्यात मिथुन आला. "आणा इकडं!" म्हणत मोबाईल हिसकला, चार-दोन टकटक केलं आणि परत दिला. "हे बघा, झालं. इतकं सोपं हाय." शिकवणं म्हणतात ह्याला! तो गेल्यावर मामा म्हशीला म्हणाले, "ह्याला सायकल मी मागं पळून शिकवल्ती. ह्याच्या जागी मी न्हाई चालवली."

मामांचं काही पटण्याची ही पहिलीच वेळ. म्हशीलाही पटलं असावं.

१४ जुलै

हिरवं म्हणजे मोटार चालू, लाल म्हणजे बंद, असं सांगितलं आणि एकदम डोक्यात शिरलं. आता थांबत नाहीत! खताच्या दुकानाला फोन. साडूंना फोन. ढोरांच्या डॉक्टरला फोन. सगळ्यांना एकच — "पाऊस हाय का? बरं. ठिवतो." डॉक्टर आमच्याच गल्लीत राहतो! दारातून डोकं बाहेर काढलं तरी पाऊस दिसेल.

सगळ्या जगाला फोन, लेक सोडून. ताईंचा नंबर मी यादीत सगळ्यात वर घातलाय, फोटोसकट. फटीतून बघते ना मी — बोट फोटोजवळ जातं आणि मागं येतं. पोटच्या लेकीला भितो माणूस! मला काय. नाही केला तर माझीच दिंडं वाचली.

१९ जुलै

आज लावला. मी भाकरी थापत होते, सगळं ऐकू आलं.

"हां. दैवशाला? आबा बोलून राह्यलो. पाऊस हाय का तिकडं?... बरं. पोरं बराबर हायत?... बरं." ये म्हणा की! — मी आत दात आवळून. मला ताई यायला नकोत, तरी दात आवळून.

आणि मामा म्हणाले, "थांब, तुझ्या मायकडं देतो."

हात लांब करून मोबाईल दारातून आत धरला. न बघता, ताईंचा फोन आला की आत्याबाईंकडं धरायचे तसा.

आत मीच होते.

हात तसाच राहिला. मागं घेईनात. तोवर त्यांच्या ध्यानात आलं असणार, पण आता काय करावं ते कळत नसावं. पिठाच्या हातानंच मी तो त्यांच्या हातातून घेतला. तिकडं ताई रडत होत्या. मला त्या कधीच आवडल्या नाहीत, आल्या की भाजीत खोट काढतात. तरी माझेही डोळे भरले. ताई म्हणाल्या, "अर्पिता, आबा आजून मायलाच देऊन राह्यले गं फोन." मग नाक ओढून — "पर ये म्हणले न्हाईत."

बाहेर बघितलं तर ओसरी रिकामी. चपला तिथंच, मामा अनवाणी शेताकडं गेले होते.

२२ जुलै

मोबाईल कोनाड्यात, बॅटरी संपलेली. मामा त्याच्याकडं बघतसुद्धा नाहीत. मोठे आले रुसणारे!

आज माझं डोकं फिरलं. मामा ओसरीवर होते. मी वैरण टाकायला गेले आणि म्हशीलाच म्हणाले, "बघ बाई, लोकांना साऱ्या जिल्ह्याच्या पावसाची काळजी, पण लेकीला 'ये' म्हणवत नाही. एक अक्षर आहे ते!" एवढ्यावर थांबायचं ना? नाही. "लेकी काय एकाच घरात असतात? काहींच्या आया जित्या आहेत, त्याही दर पंचमीला वाट बघून दार लावून घेतात."

जीभ चावली, पण सुटलं ते सुटलं. मामा मिथुनला सांगतील म्हणून दिवसभर त्याच्यासमोर गेले नाही.

२४ जुलै

मामांनी चार्जर मागितला. म्हशीकडं.

२६ जुलै

दुपारी मामांचा फोन, शेतातून. चुकून लागला असेल म्हणून "हिरवं नाही, लाल दाबा" म्हणणारच होते.

"अर्पिता, रामराव बोलून राह्यलो."

माझं नाव त्यांना माहीत आहे!

"दैवशालाला ये म्हणलं. उद्या येऊन राह्यली, घरातलं समदं ती बघंल. तुझ्या बापालाबी फोन लावल्ता. म्हणलं, परवा मुराळी धाडा लेकीला न्यायला. पंचमीला तू तुझ्या मायपाशी ऱ्हाय."

मी तोंड उघडायच्या आत ठेवलासुद्धा.

मग आईला लावला. आपल्या गावात अजून झोका बांधतात का, एवढंच विचारता आलं.